चारशे सतराचं आवतण

जेवायला बसलं की डॉक्टर गुल्हाने पहिल्या पोळीचा चतकोर मोडून ताटाच्या कडेला ठेवायचे. तो गाईचा घास. त्यांच्या आईने लावलेली सवय. गंमत अशी, की आमच्या फार्मवर तीनशेच्या वर जनावरं होती आणि त्यांतल्या एकाच्याही तोंडी तो घास जात नव्हता. मोजलेल्या चाऱ्याबाहेर जनावराला काही घालायचं नाही, असा नियम होता आणि तो खुद्द डॉक्टरांनीच केलेला होता. त्यामुळे जेवण झालं की ते हात धुवायच्या आधी तो चतकोर खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवत. तिथे साळुंक्या टपून बसलेल्या असत. गाईच्या वाट्याचं खाऊन त्या चांगल्या लठ्ठ झाल्या होत्या.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी तिथे नोंदी ठेवायच्या कामावर लागलो. अल ऐनपासून गाडीने पाऊण तास, पुढे वाळू आणि मध्येच पत्र्याच्या उंच शेडची रांग. मांसासाठीची जनावरं पैदा करणारं ते फार्म. मी कोकणातला, गुरांचा संबंध दुधाच्या पिशवीपुरता. पहिल्याच दिवशी एका तांबड्या गोऱ्ह्याला बघून मी म्हटलं, "याला आपण राजा म्हणू या."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काहून रे, नंबर पुरत नाही का? नाव ठेवलं की लळा लागते. लळा लागला की आकडा खोटा निघते."

त्यांचं वऱ्हाडी असं अधूनमधून बाहेर यायचं. एरवी ते मोजकंच आणि शुद्ध बोलायचे. मोजकं म्हणजे इतकं, की दिवसभरात ते सर्वांत जास्त वजनकाट्याशी बोलत असावेत, असा माझा हिशेब होता.

त्यांचं काम लोकांना सांगायला गेलं की लोक हसत. ते गुरांचे ढेकर मोजायचे. बारा निवडक गोऱ्ह्यांच्या गळ्यात एकेक डबा अडकवलेला असे, त्यातून एक बारीक नळी नाकपुडीपाशी गेलेली. दिवसभराचा श्वास त्या डब्यात जमायचा आणि तो डबा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अर्थातच भलत्या बाजूकडे बघून हसलो. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मागून नाही, पुढून. गवत पोटात आंबतं, त्याचा गॅस होतो आणि तो ढेकरातून निघतो. मिथेन. हवा तापवणारा गॅस आहे तो. जनावराच्या दृष्टीनेही तोटाच. खाल्लेल्यातला काही भाग अंगी न लागता हवेत गेला."

मालकाला, म्हणजे आमच्या अरबाबला, थोराड वळू आवडत. पाहुणे आले की तो त्यांना सर्वांत मोठ्या वळूसमोर नेऊन उभा करी. डॉक्टर मागे हात बांधून उभे राहत आणि पाहुणे गेल्यावर मला सांगत, "मोठं दिसते म्हणून चांगलं नसते, सुहास. त्याच्या मुलीही मोठ्या होतील आणि त्या मुली वर्षभर बसून खातील. जितकं खाणं, तितका ढेकर. मला कमी खाऊन तेवढाच वाढणारा पाहिजे. लवकर भरला की दिवस कमी, चारा कमी, गॅसही कमी."

याच एका म्हणण्यापायी त्यांनी त्या वाळूत अकरा वर्षं काढली. शेवटी अरबाबने त्यांना एक संधी दिली. बारा गोऱ्ह्यांची चाचणी करा, डॉक्टरांचा लहानखुरा गोऱ्हा खरा उतरला तर पुढची सगळी पैदास त्याची. नाहीतर पैदास बंद, वाढलेली जनावरं बाहेरून आणू. चाचणीतून जो बाद होईल तो पुढच्या ट्रकने कत्तलखान्यात, हे वेगळं सांगायला नकोच.

शुक्रवारी ते फोनकार्ड घेऊन फाटकाजवळच्या बूथवर जात. अमरावतीला बायको एकटी. मूलबाळ नव्हतं. त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं. सुरुवातीला वहिनी इकडे यायच्या होत्या, व्हिसाचे कागदही झाले होते. मग एका शुक्रवारी त्यांनी विचारलं, तिथल्या जनावरांचं पुढे काय होतं? "मी खरं सांगितलं," डॉक्टर म्हणाले. "त्यावर ती काही बोलली नाही. कागद तसेच राहिले." खोटं सांगता आलं असतं की, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या माणसाला ते जमलं नसतं. त्याच्यासारखा एकटा माणूस मी त्या मुलखात दुसरा पाहिला नाही आणि तिथे एकट्या माणसांना काही तोटा नव्हता.

चाऱ्याच्या कामावर रायगडचा युसुफभाई होता. दिलदार आणि बोलघेवडा. चाचणी सुरू झाली आणि नेमका रमजान आला. एका संध्याकाळी रोजा सोडताना युसुफभाईने हातातले दोन खजूर चारशे नऊ नंबरच्या गोऱ्ह्याला दिले आणि सकाळी भाबडेपणाने डॉक्टरांना सांगूनही टाकलं. डॉक्टरांनी चारशे नऊवर काट मारली.

"डॉक्टरसाब, दोनच खजूर होती! बरकतची चीज हाय."

"दोन काय नि वीस काय. आता त्याचा आकडा माझा राहिला नाही."

चारशे नऊ गेला. युसुफभाई आठ दिवस डॉक्टरांशी बोलला नाही. मलाही तो माणूस दगड वाटला.

उरलेल्या अकरांत डॉक्टरांचा तो लहानखुरा गोऱ्हा होता, चारशे सतरा. काळसर, आखूड पायांचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. इतर गोऱ्हे गव्हाणीवर तुटून पडत, हा सावकाश खाई आणि थोडं ठेवून देई. पण काट्यावर चढला की थोराडांच्या बरोबरीचा. त्याच्या डब्यांतला गॅसही दर वेळी कमी निघे. डॉक्टर त्याच्या नोंदी दोनदा तपासत, मग मला तिसऱ्यांदा वाचायला लावत. एकदा मी त्यांना त्याच्यासमोर नुसतंच उभं राहिलेलं पाहिलं. मला बघून ते त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याचं बक्कल चाचपू लागले.

चाचणीचे शेवटचे तीन आठवडे उरले होते. संध्याकाळी डबे बदलताना मी सहज म्हटलं, "डॉक्टर, उद्या पोळा. विद्या पुरणाच्या पोळ्या करणार आहे, तुमच्यासाठी आणतो." विद्या म्हणजे माझी बायको, नुकतीच अल ऐनला आलेली.

डॉक्टरांचा हात चारशे सतराच्या खांद्यावर होता. जू कसं असतं हे त्या गोऱ्ह्याला सात जन्मांत कळलं नसतं, पण डॉक्टर नेमकं जुवाच्या जागी चोळत होते, माझ्याकडे लक्षच नसल्यासारखं. आणि त्यांच्या तोंडून गेलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात बैलाचा खांदा तुपा-हळदीने शेकतात आणि त्याला असं जेवायचं आमंत्रण देतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की डॉक्टरांनी चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. चेहरा पार उतरला होता. "बोलून बसलो," ते म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना चार पोळ्या दिल्या. त्यांनी जेवताना तीनच खाल्ल्या. त्या दिवशी साळुंक्यांना काही मिळालं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदवही उघडली तर चारशे सतराच्या रकान्यात डॉक्टरांच्या अक्षरात होतं: पुरणपोळी एक, तुपासह, एकशे दहा ग्रॅम. खाली सही. नियम मोडतानाही त्या माणसाने पोळी काट्यावर ठेवली होती! मला हसू आलं आणि लगेच चारशे नऊ आठवला.

मी पान फाडायलाच निघालो होतो. "डॉक्टर, एका पोळीने काय होतंय? कोणी पाहिलं नाही."

"मी होतो ना तिथं."

"अहो, पण द्यायचीच कशाला?"

"आवतण दिलं होतं, बाप्पा. जेवायला बोलावलेल्याला उपाशी ठेवतात का?"

एवढ्यात युसुफभाई आला. आमचं बोलणं त्याने दारातूनच ऐकलं होतं. मला वाटलं, आता हा चारशे नऊचा वचपा काढणार. तर तो डॉक्टरांसमोर हात जोडून उभा राहिला. "डॉक्टरसाब, माझी खजूर मी विसरलो. खलास. तुमची पोळी पन खलास. यल्ला, चला, फाडा कागद."

डॉक्टरांनी नोंदवही स्वतःकडे ओढली. "युसुफ, तुझा गेला," ते म्हणाले. "मग माझा कोणत्या तोंडानं ठेवू?"

त्यांनी स्वतःच काट मारली. बाकीच्या दहांत त्यांच्या मनाजोगता एकही नव्हता. ट्रक आला त्या सकाळी त्यांनी चारशे सतराच्या गळ्यातला डबा स्वतः काढला, नळी गुंडाळली, पट्टा पुसून खुंटीला लावला. गोऱ्हा फळीवरून निमूट चढला. युसुफभाई रडला, मीही रडलो. डॉक्टर त्या दुपारी जेवायला बसले तेव्हा त्यांनी पहिली पोळी पूर्ण खाल्ली. कठड्यावर साळुंक्या वाट बघत राहिल्या.

वर्षाच्या आत पैदास बंद झाली आणि डॉक्टर घरी परतले. मी दुबईला दुसरी नोकरी धरली. रोज जेवताना मी पोळीचा तुकडा काढून ठेवू लागलो. देवधर्माचं माझं फारसं काही नाही, पण त्या माणसाने सोडलेलं कुणीतरी धरावं, असं मला वाटलं.

डॉक्टर गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही अमरावतीला त्यांच्याकडे गेलो होतो. बरोबर आमची सात वर्षांची मुलगी, सई. डॉक्टर वाळले होते, बोलणं आणखी कमी झालं होतं. वहिनींनी पोळ्या वाढल्या. डॉक्टरांच्या ताटाच्या कडेला काही नव्हतं. "तिकडून आल्यापासून घास काढत नाहीत," वहिनी हळूच म्हणाल्या. "मी विचारलं नाही. मागे एकदा विचारलं होतं, तेव्हापासून विचारायची भीतीच वाटते."

सईने आपल्या पोळीचा तुकडा मोडून बाजूला ठेवला.

"काय गं, नको का?" वहिनींनी विचारलं.

"नो आजी. दॅट्स फॉर फोर-वन-सेव्हन. बाबा रोज ठेवतो ना."

मला कुठे बघावं कळेना. डॉक्टरांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी हात लांब करून सईच्या ताटातला तो तुकडा उचलला, तळहातावर ठेवला आणि हात किंचित वरखाली केला.

"वीस ग्रॅम," ते म्हणाले. "लिहून ठेव, सुहास."

मग तो तुकडा तसाच हातात घेऊन ते उठले आणि फाटकाकडे गेले. शेजाऱ्यांची गाय तिथे बांधलेली होती. वहिनी ताटावरून उठून त्यांच्या मागोमाग गेल्या.