हवालदाराची हद्द

तारवाल्याला लोक तारवाला म्हणायला लागले ते त्यानं कुंपणाचा धंदा धरल्यावर. त्याआधी उभी जवानी तो टेलिफोनच्या केबलीसाठी चर खणत होता, तेव्हा त्याला कुणी काहीच म्हणत नव्हतं. खड्ड्यातल्या माणसाला कोण हाक मारतं? पुढं लोकांच्या खिशात फोन आले, जमिनीतल्या तारा जमिनीतच मेल्या, आणि याच्याकडं एक चपटं फावडं, मजबूत कंबर आणि खणायची सवय तेवढी उरली. ते सगळं घेऊन तो कुत्र्यांच्या मागं लागला.

त्याचं कुंपण दिसायचं नाही. अंगणाच्या कडेकडेनं फावड्यानं जमिनीला चीर पाडायची, तीत बारीक तार सोडायची, वरून माती टाचेनं दाबायची. तारेची दोन्ही टोकं भिंतीवरच्या पेटीत. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला आतून दोन बोथट खिळे. कुत्रं तारेजवळ गेलं की खिळ्यांतून मानेला विजेचा झटका. थोड्या दिवसांत कुत्रं शहाणं होतं आणि रस्त्याकडं तोंड करून अंगणातच बसून राहतं. मालक खूश, शेजारी खूश, आणि कुत्र्याला कोण विचारतंय!

"सगळ्या जगाची कुंपणं दिसतात, यांचंच एक दिसत नाही," त्याची बायको आल्यागेल्याला सांगायची. "उद्यापासून मी पण तसंच जेवण वाढणारेय. ताटात आहे, फक्त दिसत नाही."

"वाढ की," तो म्हणायचा. "तुझ्या हातचं न दिसलेलंच बरं."

तार कुणीही पुरेल, कुत्र्याला शिकवण्यात खरी गोम, असं त्याचं म्हणणं. बाकीचे लोक तारेच्या कडेनं छोटे पांढरे झेंडे रोवत, कुत्र्याला साखळीनं झेंड्यापर्यंत नेत आणि मागं ओढत. तारवाला त्यांना हसायचा. त्यानं आपली एक पद्धत काढली होती. ज्याच्यावर कुत्र्याचा जीव, ते माणूस तारेपलीकडं उभं करायचं आणि त्याला प्रेमानं हाक मारायला लावायचं. कुत्रं सुसाट धावतं, तारेवर आपटतं, किंचाळतं. पुन्हा हाक. पुन्हा झटका. एवढ्या मायेच्या हाकेलाही जे अलीकडं थांबलं, ते पुढं मांजराच्या मागं कशाला जातंय? ही पद्धत घरोघर चालली. कुठं आजोबांनी हाका मारल्या, कुठं नवी सून उभी राहिली, कुठं दूधवाला. तारवाल्याला आपल्या डोक्याचा अभिमान होता. आयुष्यात हातांनीच सगळं केलेलं. डोक्यानं केलेलं हे पहिलंच.

त्याची थोरली बहीण गल्लीच्या टोकाच्या घरात एकटी राहायची. आई लवकर गेली तेव्हा ताईनंच याला न्हाऊमाखू घातलेलं, त्यामुळं तो पन्नाशीला आला तरी ती त्याचे कान पिळू शके. तिचा नवरा आजारपणात खंगून गेला. जाताना मागं एक तांबडा, लोंबत्या कानांचा कुत्रा ठेवून गेला. त्याला सगळी गल्ली हवालदार म्हणायची, कारण सकाळ झाली की स्वारी घरोघर गस्त घाले. प्रत्येक दार हुंगायचं, प्रत्येकाकडून डोकं खाजवून घ्यायचं, आणि शेवटी शेजारच्या शिवणकाकूंच्या पायरीवर बसून शिळ्या पावाचा हप्ता वसूल करायचा. काकूंचं मशीन खिडकीशी होतं. मशीन थांबलं की हा कान टवकारायचा. मशीन थांबलं म्हणजे काकू उठल्या, काकू उठल्या म्हणजे पाव.

एकदा गस्तीत त्याला गाडीचा धक्का लागला. लंगडत घरी आला. ताई घाबरली. तिनं भावाला फोन केला.

"तुझं ते भुताचं कुंपण माझ्याकडं घाल. आता हा पण गेला तर मी काय करू रे?"

"तू निवांत झोप," तारवाला म्हणाला. "घरचं काम आहे, ते तर मी झकास करणार."

आणि केलंही त्यानं झकास. तार अगदी रस्त्याकडेच्या पायवाटेला खेटून घातली, कुत्र्याला सगळं अंगण मिळावं म्हणून. मग शिकवायची वेळ आली तेव्हा त्याला फार शोधावं लागलं नाही. शिवणकाकू मधल्या मेंदीच्या झुडपांवरून बघतच होत्या.

"काकू, जरा इकडं रस्त्यावर उभ्या राहा, आणि बोलवा त्याला."

"अरे पण त्याला लागायचं नाही ना?"

"चिमटा काढल्यागत. माझ्या बायकोच्या बोलण्याहून कमी."

काकूंनी हसत पावाचा तुकडा दाखवला. "ये रे माझ्या राजा, ये!"

राजा आला. कान उडवत, शेपूट फिरवत आला आणि तारेवर आला तसा हवेत उडून कडेला पडला. उठला, तारेकडं बघायचं तर तार दिसत नव्हती, म्हणून काकूंकडं बघितलं.

"बोलवा, बोलवा, थांबू नका," तारवाला म्हणाला.

काकूंनी पुन्हा बोलावलं. पुन्हा तेच. पुढच्या खेपेला त्यांचा आवाज चिरका झाला. "नको बाबा, माझ्याच्यानं होत नाही. कसं बघतोय बघ माझ्याकडं."

"आता थांबलात तर आधीचा सगळा मार फुकट गेला त्याचा."

म्हणून काकूंनी डोळे बारीक करून आणखी हाका मारल्या. शेवटी हवालदार तारेच्या अलीकडं थांबला. चारी पाय रोवून उभा, अंगभर थरथर, पण थांबला. तारवाल्यानं टाळी वाजवली. "झालं! मिळाली डिग्री!" ताईनं चहा केला. काकूंनी तो घेतला नाही; मशीनवर काम पडलंय म्हणाल्या.

गाडीची भीती मिटली. हवालदार अंगणात राहायला लागला. पण गस्तीबरोबर त्याचा गोडवाही संपला. रस्त्यानं कुणी गेलं की हा तारेच्या अलीकडून धावत सोबत करायचा आणि घशातून घर्र घर्र आवाज काढायचा. काकू दारात आल्या की ओठ वर जायचा, दात दिसायचे.

ताईनं फोनवर सांगितलं, "अरे, हा काकूंवर गुरगुरतो."

"झटका वाढव. पेटीवरचं बटण एक घर पुढं सरकव," भाऊ म्हणाला. सगळ्यांनाच तो हेच सांगत आला होता.

ताईनं सरकवलं.

काकू शिवलेले पडदे घेऊन अंगणात आल्या तेव्हा हवालदार पायरीवर पडलेला होता. त्या थांबल्या, आणि जुन्या सवयीनं उजवा हात पुढं करून म्हणाल्या, "काय रे माझ्या राजा, ओळख विसरलास होय?"

त्यानं तोच हात धरला. एकदा चावून सोडला नाही, धरूनच ठेवला. ताईनं पाठीत केरसुणी मोडेस्तोवर मारलं तरी सोडला नाही. हात शिवला, पण अंगठ्याची शीर तुटली ती तुटलीच. बँडेज निघाल्यावर काकूंनी कात्री उचलून बघितली. अंगठा मिटेचना.

"कुत्र्याला मारू नका," काकू म्हणाल्या. तारवाला त्यांच्यासमोर खाली मान घालून बसला होता. "त्याचं काय चुकलं? मीच बोलवत होते ना." मग मशीनकडं बघून म्हणाल्या, "पण आता माझं काय, ते पण सांगा कुणीतरी."



नगरपालिकेचा कुत्र्यांवरचा साहेब येऊन गेला. भला माणूस, ढगळ कोट, स्वतः घरी दोन कुत्री पाळणारा. म्हणाला, "ताई, मी पुन्हा येईन. तेव्हा शांत राहिला तर तोंडाला जाळी बांधा, साखळीवर ठेवा, राहू दे त्याला. पण अंगावर आला तर सुई द्यावी लागेल. माझा नाइलाज आहे."

तो गेल्यावर ताई भावाला म्हणाली, "तू शिकवलंस ना? आता तूच विसरायला लाव. हा गेला तर सकाळी उठायचं कशासाठी, मला माहीत नाही. एवढं ध्यानात ठेव."

तारवाला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमची तार कुत्र्याला दिसते का?"

"छे, न दिसण्यातच तर सगळी..."

"मग त्याला दुखलं तेव्हा समोर काय दिसलं?"

तारेपलीकडं उभे केलेले सगळे आजोबा, सगळ्या सुना, दूधवाले तारवाल्याच्या डोळ्यांपुढून गेले. आणि मागाहून आलेले फोन. हल्ली गुरगुरतो. हल्ली पोराला जवळ येऊ देत नाही. आणि आपलं उत्तर, बटण पुढं सरकवा.

बाहेर येऊन त्यानं एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावला. "दादा, तुमची तार मी काढून देतो. फुकट. उद्याच येतो."

"काढता कशाला?" पलीकडचा हसला. "झक्कास झालंय काम. आधी नुसता शेपूट हलवायचा बेणं. आता रस्त्यानं कुणी गेलं की फाडून खायला उठतो. असाच तर पाहिजे होता!"

त्यानंतर दुसरा फोन लावायचा त्याला धीर झाला नाही.

मग मात्र तो ताईच्या अंगणात ठाण मांडून बसला. तार उपटली, पेटी काढली, पट्टा सोडला. पट्ट्याखाली मानेवर केस गेलेले दोन लाल ठिपके होते. ताईनं त्यांना मलम लावलं आणि भावाकडं बघितलं नाही. त्यानं पायवाटेकडनं उंच फळ्यांचं, दिसणारं कुंपण घातलं, मधे गजांचं फाटक बसवलं. हवालदार तरीही जुन्या तारेच्या जागी येऊन थांबायचा. पुढच्या मातीला जणू विस्तव लागलाय.

तारवाल्यानं बायकोला बोलावलं. ती फाटकासमोरून चालत जायची आणि न बघता, न बोलता मटणाचा तुकडा आत टाकायची. मग तो स्वतः जायचा. मग गल्लीतला न्हावी, मग पोस्टवाला. प्रत्येकाला बजावलेलं, तोंडातून शब्द काढायचा नाही, सरळ निघून जायचं. आधी घर्र घर्र झालं. मग नुसतेच कान मागं. मग एके दिवशी पोस्टवाला गेला आणि हवालदारानं मान वर न करता मटण खाल्लं. ताईला रडू फुटलं. त्या दिवशी तिनं भावाला जेवायला वाढलं. चावल्या दिवसापासून पहिल्यांदा.

"जमतंय रे," ती म्हणाली.

"जमणार," तो म्हणाला. आणि खरंच त्याला तसं वाटत होतं. फार दिवसांनी घास गोड लागला.

साहेब आला. ताईनं साखळी धरली होती, तारवाला शेजारी उभा. जाळी आत ओट्यावर होती. साहेबानं ती घालायची नाही म्हणून सांगितलं होतं, उघडा कुत्रा बघायचा होता. साहेब रस्त्यानं इकडून तिकडं गेला. हवालदार बसून होता. साहेब परत आला, फाटक उघडून आत आला. हवालदार उठला, नाक हलवलं, पुन्हा बसला. तारवाल्यानं रोखलेला श्वास सोडला. साहेबाचाही चेहरा खुलला. त्याला कुठं हौस होती कुणाला सुई द्यायची?

"अरे वा! हा तर एकदम गुणी झालाय की," साहेब म्हणाला, आणि आनंदाच्या भरात गुडघ्यावर बसला. दोन्ही हात पुढं केले. "ये रे राजा, ये, ये!"

तारवाल्याला ओरडायचं होतं. इतके दिवस त्यानं माणसं समोरून नेली, आत आणली, सगळं केलं. हाक तेवढी कुणी मारली नव्हती. चावऱ्या कुत्र्याला प्रेमानं बोलवायची कुणाची छाती होती? आणि सगळ्यांना गप्प राहायला बजावताना, हाकेची भीतीही काढायला हवी हे त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं.

ताईच्या हातातून साखळी सुटली. साहेबाचा कोट जाड होता म्हणून दंड वाचला. तारवाल्यानं हवालदाराला पाठीमागून कवेत धरून ओढला तेव्हा कोटाची बाही त्याच्या दातात होती, आणि साऱ्या अंगाला तशीच थरथर सुटलेली, पहिल्या दिवसासारखी.

साहेब उठून उभा राहिला. कुणावर रागावला नाही. नुसता म्हणाला, "वाईट झालं. फार वाईट झालं, ताई."

डॉक्टरीणबाई दुपारीच आल्या. आधी खाण्यातून गुंगीचं औषध दिलं. हवालदार जिना उतरल्यासारखा हळूहळू खाली बसला. ताई त्याच्याजवळ जमिनीवर बसून होती, त्याच्या पाठीवरून हात फिरवत. तोंडानं काही बोलली नाही. कुणीच बोललं नाही. त्याचं नाव घ्यायची सुद्धा भीती होती. सुई टोचली तेव्हा पाय थोडे ताणले, एवढंच.

शिवणकाकूंची खिडकी बंद होती.

"खण," ताई भावाला म्हणाली. "तेवढं तुला येतं."

तो परसात गेला आणि खणायला लागला. कुत्र्यापुरता खड्डा कधीच झाला, तरी तो खणतच राहिला. माती काढायची, वर फेकायची. कंबरेपर्यंत आत गेला, छातीपर्यंत गेला. अंगावर घाम आणि माती एक झाली. थांबलं की डोक्यात घरं उभी राहत होती, एकेका घराचं अंगण, एकेक तार, ज्या तारा आता कुणी काढू देणार नव्हतं. म्हणून थांबत नव्हता.

ताई काठावर येऊन उभी राहिली. "एवढा कशाला?"

त्यानं फावडं वर टाकलं. तिनं हात पुढं केला नाही. तो कोपरं टेकवत आपला आपण वर आला. दोघांनी चादरीची चार टोकं धरून हवालदाराला खाली सोडलं. फार खाली सोडावं लागलं, ताईला गुडघ्यावर बसून पार वाकावं लागलं. मग तिनं फावडं उचललं आणि माती लोटायला लागली. म्हातारं अंग, फावडं जड, एकेका ढिगाला धाप लागत होती.

"आण इकडं, मी करतो," तारवाल्यानं फावड्याला हात घातला.

तिनं फावडं सोडलं नाही. "जा तू आता," ती म्हणाली.

"ताई..."

"जा म्हटलं ना."

तो गेला. फाटकाबाहेर गल्लीत आला तरी मागून मातीचा आवाज येत होता. मध्येच तो आवाज बराच वेळ थांबला. तारवाला उभा राहून ऐकत राहिला, तेव्हा पुन्हा सुरू झाला.