खालून पहिला

वेलिमिरला पनवती म्हणायला पहिल्यांदा कोणी सुरुवात केली, हे ग्राबोवित्सात आज कुणी सांगू शकणार नाही. शब्द कसा चिकटला ते मात्र सगळ्यांना पाठ आहे.

तो गावच्या साप्ताहिकात खेळाचं पान लिहायचा. गावात एकच खेळ, बास्केटबॉल, आणि एकच क्लब, स्क्रूच्या कारखान्याचा, म्हणून त्याचं नाव 'श्राफ', म्हणजे स्क्रूच. दर ऑक्टोबरात, हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात, वेलिमिरचं अख्खं पान एकाच गोष्टीला दिलेलं असे: येत्या वर्षी लीगमधला कुठला संघ कितवा राहील. कोणाचा उंच खेळाडू आता नुसताच उंच उरलाय, कोणाचा प्रशिक्षक नाताळपर्यंत टिकायचा नाही, कोणी उन्हाळ्यात शहाणपणानं माणसं घेतली आणि कोणी नुसतीच घेतली. हे पान लिहिण्यासाठी तो सगळा उन्हाळा सरावाचे सामने बघत हिंडायचा, गारढोण हॉलमध्ये फळीच्या बाकांवर बसून कंबर धरून घ्यायचा. तो स्वतः कधी खेळला नव्हता. बुटका माणूस, कारखान्याच्या हजेरी खात्यातून पेपरात आलेला. एकुलती मुलगी लग्न होऊन व्हिएन्नाला गेली, तेव्हापासून घरात तो, बायको दारिंका आणि टीव्हीवरचे सामने.

बाकीच्या संघांबद्दल त्याचं भाकीत बहुतेक वेळा बरोबर यायचं. पण बाकीच्यांबद्दल इथं वाचतो कोण? लोक पान उघडायचे, बोट फिरवत श्राफचा नंबर शोधायचे आणि पान मिटून टाकायचे. आणि एका वर्षी, पेपरात येऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा, त्यानं मोठ्या हौसेनं लिहिलं की श्राफ चौथा येईल. श्राफ शेवटचा आला आणि लीगमधून खाली घसरला. त्या वर्षी एका खेळाडूचा घोटा मोडला होता, प्रशिक्षक मध्येच पळाला होता, कारखान्यात संप होता. तरी खापर फुटलं ते वेलिमिरच्या डोक्यावर. लोकांना सोपं उत्तर हवं असतं, आणि बुटका माणूस सहज हाती लागतो.

परत वर यायला कित्येक वर्षं गेली. श्राफ वर आला त्या सप्टेंबरात, गावचा काफाना, म्हणजे कॉफी-दारूचा अड्डा, चालवणारा रातोमिर चार टाळकी बरोबर घेऊन वेलिमिरच्या दारात उभा राहिला, हातात राकियाची, म्हणजे आलुबुखारच्या दारूची, बाटली.

"वेलिमिर, एवढं काम कर. आपल्याला शेवटचा नंबर दे."

"अरे, पण संघ चांगला आहे."

"म्हणूनच म्हणतोय! चांगला आहे तोवर तू त्याचं कौतुक करू नकोस."

सगळे हसले, वेलिमिरही हसला, आणि गंमत म्हणून त्यानं श्राफला शेवटच्या नंबरावर टाकलं. श्राफ दहावा आला, टिकला. झालं. तेव्हापासून दरवर्षी बाटली यायची, शेवटचा नंबर जायचा, संघ कसाबसा टिकायचा, आणि वेलिमिर रस्त्यात दिसला की लोक हसत ओरडायचे, "काका, आमच्याबद्दल चांगलं काही बोलू नका हं!"

माणूस हसून हसूनही थकतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. वेलिमिर थकला होता. साठी उलटली होती, आणि अख्ख्या पानातली एकच ओळ त्याची नव्हती.

"एका ओळीनं काय बिघडतंय?" दारिंका म्हणायची. "लोकांना बरं वाटतं ना."

"तेवढीच एक ओळ वाचतात गं," तो म्हणायचा आणि कूस बदलायचा.

ही गोष्ट त्यानंतरच्या एका सप्टेंबरातली. अंगणात जुनी लाकडाची शेगडी काढून दारिंका लाल ढोबळ्या मिरच्या भाजत होती. वर्षाचा आयवार, म्हणजे मिरच्यांची दाट चटणी, करायचा, तर एकेक मिरची भाजा, सोला, बिया काढा, मग ढवळत बसा. त्या दिवसांत सगळ्या गावाला त्याचाच वास येतो. वेलिमिर एप्रन बांधून सोलायला बसला होता, बोटं काळी झाली होती, तेवढ्यात फाटकातून वाकून वुकाशिन आत आला.

वुकाशिन श्राफचा कप्तान. याच गावचा, कारखान्यातल्या मिलिसाव लेथवाल्याचा मुलगा. बाकीचे चांगले खेळाडू त्या उन्हाळ्यात एकेक करून निघून गेले होते, कारण कारखान्यानं हात आखडता घेतला होता. राहिला तो हाच, आणि गाव त्याच्याकडं डोळे लावून बसलं होतं.

"रिकाम्या हातानं बसू नकोस," दारिंकानं त्याच्यापुढं सुरी आणि पातेलं सरकवलं. तो बसला, डावा पाय आडवा पसरून. तो पाय आता पुरता दुमडत नसे.

"काका, यंदा कितवा लिहिताय?"

"शेवटचा. रातोमिर बाटली आणेल, मी लिहीन. नवीन काय त्यात?"

"ते झालं पेपरातलं. मी तुम्हाला विचारतोय. खरं काय वाटतं तुम्हाला?"

वेलिमिरच्या हातातली मिरची तशीच राहिली. त्याला हे किती वर्षांत कुणी विचारलं नव्हतं! आधी त्याला आनंद झाला, अगदी पोराटोरासारखा. मग भीती वाटली.

"का विचारतोस?"

"हंगेरीतून बोलावणं आलंय. दोन वर्षं खेळायचं, मग तिथंच पोरांना शिकवायचं. सोमवारी कळवायचंय. बायको म्हणते जाऊ या. बाबा म्हणतात, तुझं तू बघ, आणि मग दोन दिवस बोलत नाहीत. गावात विचारायची सोयच नाही. जो तो म्हणतो, तू गेलास तर आपण मेलो. प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवंय. म्हणून तुमच्याकडं आलो."

"मलाही हवंय की," वेलिमिर म्हणाला. "मी काय परग्रहावरचा आहे?"

"तरी सांगा."

वेलिमिरनं एप्रनला बोटं पुसली. "तू राहिलास तर नववे, दहावे. टिकतो. तू गेलास तर शेवटचे. त्यात शंका नको. चेंडू पुढं आणणार कोण? ती नवीन पोरं? ती चेंडू बघूनच घाबरतात."

"आणि मी?"

"तू काय?"

"सगळ्या संघांचं सांगता, माझंही सांगा की."

शेगडीत लाकूड तडतडलं. वेलिमिर त्या पसरलेल्या पायाकडं बघत राहिला. गेल्या फेब्रुवारीत हॉलच्या जिन्यावरून हा पोरगा कठडा धरून आडवा आडवा उतरताना त्यानं पाहिला होता, आणि त्याबद्दल पानात एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर पुढच्या सामन्यात समोरच्यांनी तोच पाय धरला असता.

"इथं तुला जवळजवळ सगळा सामना पळवतील," तो सावकाश म्हणाला. "दुसरं आहेच कोण? जानेवारीपर्यंत निभेल. मग आपण तळाला असू, आणि तू सुया टोचून घेऊन खेळशील, कारण तुला नाही म्हणता येत नाही. वसंतात आपण टिकलेले असू, आणि तुला तुझ्या लहानग्या मुलीला कडेवर घेऊन जिना चढता येणार नाही. तिकडं तुला जपून वापरतील. त्यांच्याकडं माणसं आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे जा."

दारिंका काहीतरी आणायला म्हणून घरात गेली. वुकाशिन बराच वेळ मिरच्या सोलत राहिला, नीट, एकही बी न ठेवता. मग मान वर न करता म्हणाला, "काका, रागावू नका. पण हे... उलटं तर नाही ना घ्यायचं?"

"उलटं नाही."

तो उठला, वाकून त्यानं रीतीप्रमाणं वेलिमिरच्या गालांचे तीन मुके घेतले आणि काळ्या बोटांनीच निघून गेला. फाटक वाजलं तशी दारिंका बाहेर आली.

"काय केलंस कळतंय का तुला? आपल्या हातानं क्लब बुडवलास."

"त्यानं विचारलं गं."

"दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर?"

"दुसरं कोण विचारतंय?" वेलिमिर म्हणाला आणि पुढची मिरची घेतली.

वुकाशिन गेला. गाव पेटलं. रातोमिर बाटली घेऊन आला तेव्हा हसत नव्हता. "यंदा ठळक अक्षरांत टाक. यंदा सगळी भिस्त तुझ्यावरच आहे."

वेलिमिरनं श्राफला शेवटच्या नंबरावर टाकलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती ओळ त्याची होती. त्यानं कारणंही लिहिली, एकेक, मन लावून. लिहून झाल्यावर त्याला बरं वाटलं नाही. अंक निघाला त्या सकाळी रातोमिरनं भर काफानात त्याच्या पाठीवर थाप मारली.

"काय झकास थापा मारल्यास रे! वाचून मीच घाबरलो."

"थापा नाहीत, रातोमिर. खरं आहे ते."

"असंच म्हणत राहा," रातोमिर डोळा मारून म्हणाला आणि पान भिंतीवर चिकटवायला गेला.

हिवाळाभर श्राफ हरत राहिला. घरी हरला, बाहेर हरला, आपल्याहून वाईट संघाशीही हरला. शिव्या वुकाशिनला पडायच्या, पण तो सरहद्दीपलीकडं, त्याला काय ऐकू येणार? मग त्या त्याच्या बापाच्या वाट्याला आल्या. मिलिसाव रोज सकाळी रातोमिरकडं कॉफी प्यायला यायचा, तसाच येत राहिला, पण पत्ते खेळणारे जोडीदार दुसऱ्या टेबलावर जाऊन बसू लागले. कुणी त्याच्या फाटकावर 'गद्दार' लिहिलं. त्यानं रंग मारला. पुन्हा लिहिलं, पुन्हा मारला.

एकदा तो असा रंग मारत असताना वेलिमिर समोरून आला. सांगायचं तर आत्ताच, असं वेलिमिरला वाटलं. "काय मिलिसाव, बरं आहे ना?" तो म्हणाला, आणि पावाच्या दुकानात शिरला. त्याला स्वतःची किळस आली. पण सांगितलं असतं तर सगळं गाव त्याच्यावर उलटलं असतं, आणि इतक्या वर्षांच्या चेष्टेनं पिचलेल्या माणसात आता मार खायची ताकद उरली नव्हती. असं त्यानं स्वतःला समजावलं.

वसंतात शेवटचा सामनाही गेला आणि श्राफ खाली घसरला. दुसऱ्या दिवशी काफाना भरलेला होता, पण मयताच्या घरासारखा. वेलिमिर कोपऱ्यात बसला होता. त्याचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं होतं आणि कुणी त्याचं नावही काढत नव्हतं. मिलिसाव नेहमीसारखा आला, टोपी काढली, कॉफी मागवली.

"पोरानं गाव वाऱ्यावर सोडलं," पलीकडून एक तरुण मोठ्यानं म्हणाला, "आणि बाप बघा, कॉफी पितोय मजेत."

रातोमिर काउंटर पुसत राहिला. मिलिसावनं कप खाली ठेवला आणि टोपी उचलली.

"बस, मिलिसाव," वेलिमिर म्हणाला. तो उभा राहिला होता, कधी ते त्यालाही कळलं नाही. "मी सांगितलं त्याला, जा म्हणून."

सगळ्या माना वळल्या.

"सप्टेंबरात माझ्या अंगणात आला होता. म्हणाला, काका, खरं सांगा. मी म्हटलं, तू गेलास तर आपण शेवटचे, आणि तरी तू जा. तुझा पाय जाईल इथं. काय बोलायचंय ते मला बोला. त्याच्या बापाला सोडा."

मग तिहोमिर न्हाव्याच्या नाकातून हसू निसटलं.

"तुम्ही सांगितलंत? आणि त्यानं ऐकलं?"

"काका, तुम्ही जा म्हणाला असतात तर तो इथंच मुळं धरून बसला असता!"

"तुमचं ऐकून या गावात कोणी छत्रीसुद्धा घेत नाही हो!"

आणि काफाना फुटला. किती आठवडे कोंडलेलं हसू ते. लोक टेबलं बडवत होते, एकमेकांच्या खांद्यावर पडत होते. "दारिंका होती तिथं, तिला विचारा!" वेलिमिर ओरडला, त्यावर आणखी हसले. रातोमिर डोळे पुसत बाटली घेऊन आला आणि आधी मिलिसावचा पेला भरला. तो तरुणही उठला, म्हाताऱ्यापाशी येऊन काहीतरी पुटपुटला, आणि पत्तेवाल्यांपैकी एकानं आपली खुर्ची ओढत त्या टेबलाशी आणली.

वेलिमिर अजून उभाच होता. मिलिसावनं त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं आणि आपला राठ हात त्याच्या हातावर ठेवला. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते.

"माझ्या पोरासाठी एवढं कुणी केलं नाही, वेलिमिर," तो हळूच म्हणाला. "पण खोटं नको रे बोलूस. तुला नाही जमत."