घराण्याचा स्वभाव

डॉक्टरांनी दादाच्या एमआरआयच्या फिल्म उजेडाच्या पेटीवर लावल्या आणि पेनाने कपाळामागची जागा दाखवली. "हा फ्रंटल लोब. वागण्याला लगाम घालणारा मेंदूचा भाग. तो आक्रसलाय. याला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणतात." म्हणजे विसरणं नंतर, आधी माणूसच बदलतो. २००४ साल होतं आणि दादा त्रेपन्न वर्षांचा.

रत्नागिरीहून कोल्हापूरला आम्ही तिघं गेलो होतो. दादा, वहिनी आणि त्यांच्याच घरात राहणारा मी, बिनलग्नाचा धाकटा भाऊ. दादा डॉक्टरांच्या टेबलावरची बिस्किटं खात बसला होता.

चार वर्षं हे चाललं होतं. शेजाऱ्यांच्या तेराव्याला दादा मोठ्याने हसला, बाजूच्या माणसाच्या पानातला लाडू उचलून खाल्ला. आंब्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना शिव्या घातल्या. वहिनी म्हणायच्या, "हे पूर्वीचे राहिले नाहीत." मी त्यांनाच सुनवायचो, आमचं घराणंच तिरसट, सांभाळून घ्या. कोकणी माणूस फणसासारखा, हेही ऐकवून झालं होतं.

"घरात आणखी कुणाला असं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सवयीने हसलो. "वडील. पन्नाशीनंतर त्यांनी अख्ख्या गावाशी उभा दावा मांडला होता."

डॉक्टर हसले नाहीत. "हा आजार काही घराण्यांत वारशाने येतो," ते म्हणाले आणि त्यांनी माझं वय विचारलं.

शेहेचाळीस.

पुढच्या महिन्यात माझा एमआरआय झाला. रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस मी स्वतःवर पहारा ठेवला. कचेरीत शिपायावर खेकसलो आणि घाबरलो. हा मी, की वडील, की तो आजार? चहात जास्त साखर घ्यायचीही भीती वाटायची.

रिपोर्ट नॉर्मल आला. "आज नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाले. "पुढचं फिल्म सांगत नाही. आणि सुरुवात झालीच, तर तुम्हाला स्वतःला कळेलच असं नाही."

घरी आल्यावर वहिनींना म्हटलं, "मी बिघडायला लागलो तर मला सांगा."

त्या दादाचं पान वाढत होत्या. "सांगेन की. पण तुम्हांस पटायचं नाही, भावजी. ह्यांचं मी चार वर्षं सांगत होत्ये, तेव्हा तुमचं डोकं तर धड होतं."

लाज वाटली. त्या संध्याकाळी मी त्यांची माफी मागितली.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर फिल्म निघायची वाट बघू नका. रोज त्या माणसाचं पान वाढणारीचं आधी ऐका. माझ्यापुरतं मी, डोकं ठिकाणावर असताना, कागदावर लिहून सही करून ठेवलंय: वहिनी सांगतील ते खरं धरावं, मी कितीही भांडलो तरी.