राधाबाईंच्या दुकानातला रविवार

इरा आणि कबीर,

तुमच्या आईला सलील नावाचा धाकटा भाऊ होता, हे तुम्हाला माहीत आहे. तो अकराव्या वर्षी तापाने गेला. त्यानंतर मला पुन्हा बोलतं कुणी केलं, हे मात्र मी कधी सांगितलं नाही. त्या राधाबाई गेल्या महिन्यात वारल्या. इथे त्यांना ओळखणारे पुष्कळ आहेत. तुम्ही लांब आहात, म्हणून लिहिते आहे.

औरंगपुऱ्यातल्या एका बोळात त्यांचं फॉल-पिकोचं दुकान होतं. एक मशीन, एक बाकडं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. सलील जाऊन चार महिने झाले होते. मी साडी घेऊन गेले, तर मशीन चालवता चालवताच त्यांनी विचारलं, “लेकरं किती, बाई?”

मी जरा वेळाने म्हणाले, “एक. मुलगी.”

मशीन थांबलं. “एक म्हणायला इतका येळ लागतो व्हय?”

त्यांनी बाकड्याकडे बोट केलं. “बसा. मला चार. तीन घरी हायेत, एक वैजापूरला विहिरीत गेला. पन मी चारच सांगते. पैदा मी केलं, गिनती बी मीच करनार.”

मग त्यांनी सलीलचं नाव विचारलं. चार महिन्यांत ते माझ्यासमोर कुणी उच्चारलं नव्हतं, तुमच्या आजोबांनीही नाही. नाव काढलं की मी कोसळेन, असं सगळ्यांना वाटे. मी कोसळलेच. राधाबाईंनी पुढच्या गिऱ्हाइकाला “उद्या या” म्हणून परत पाठवलं.

रविवारी दुपारी त्यांच्याकडे मूल गेलेल्या बायका जमत. नियम एकच: आधी लेकराची एखादी खोडी सांगायची, मग बाकीचं. “मरन समद्यांचं सारखंच,” त्या म्हणत, “खोडी ज्याची त्याची.”

मी शिस्तीची. तिसऱ्या रविवारी तक्ता आखून नेला: नाव, हयात मुले, मृत्यूचे कारण. राधाबाईंनी तो मला मोठ्याने वाचायला लावला.

“इतकं शिकल्या आन् हे काय, जनगनना? ते हयात खोडा. कारन बी खोडा. काय राह्यलं?”

“नाव.”

“लई झालं. आता तुमच्या पोराची खोडी सांगा. दोन हप्ते नुसतं ऐकून जाता.”

मी सांगितलं. सलीलने एकदा मी तपासायला आणलेल्या वह्यांवर लाल शाईने सगळ्यांना दहापैकी दहा देऊन टाकले होते. बायका खळखळून हसल्या. घरी येऊन मी ते आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, “एका मुलीला अकरा दिले होते.” आणि मग आम्ही दोघं कितीतरी वेळ त्याच्याविषयीच बोलत बसलो.

राधाबाई चौथी शिकलेल्या. एकदा एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी या रविवारच्या बैठकीविषयी ऐकून त्यांना बोलावलं आणि विचारलं, “हे तुम्ही कुठे शिकलात?”

“शिकाया कुठं गेले नाय, ताई. पोरगं गेलं.”

मी शेजारी बसले होते. निवृत्तीच्या दिवशी शाळेने माझा सत्कार केला, तेव्हाही माझी मान इतकी ताठ नव्हती.

त्यांना निरोप द्यायला इतकी माणसं आली की बोळ पुरला नाही. दुकान आता त्यांची सून चालवते. रविवारी दुपारी ती मशीन बंद ठेवते, बायका येतात, हल्ली मूल गेलेले दोन वडीलही येतात. बैठक चालू आहे.