फोटोसाठी लावलेला कौल

पोलादपूरच्या बाजारात मी एकदा करवंदांच्या टोपलीत बसलो होतो. मुद्दाम नव्हे. महाडला माझ्या एका मित्राचा फोटोचा स्टुडिओ होता. सुटीच्या दिवशी तो कॅमेरा घेऊन भटके आणि मी, कोर्टातला कारकून, तिपाई वाहायला बरोबर असे. त्या दिवशी त्याने मला काळ्या कापडाखाली डोकं घालून काचेवर बाजार पाहायला सांगितलं. पाहतो तर सगळा बाजार उलटा, बैलगाड्यांची चाकं आभाळात. चित्र सुलट दिसावं म्हणून मी मान वाकडी करत, कमरेत वाकत मागे मागे सरकलो, आणि बसलो.

टोपलीवाली पंचविशीतली, डोंगरातल्या वाडीवरची. ती आधी दचकली, मग हसायला लागली. धोतराची मागची बाजू किती जांभळी झाली ते बघायला मी स्वतःभोवतीच फिरू लागलो, तशी ती आणखी हसली. तोंडाकडे निघालेला पदर वाटेतच राहिला. मी फिरतोय तोवर मित्राने कॅमेऱ्यात फोटोची काच सरकवून फोटो घेतलासुद्धा. मग भरपाई झाली, कुठली वाडी वगैरे विचारपूस झाली, आणि आम्ही निघालो.

त्या काळी फोटोत कोणी हसत नसे. चांगली हसरी माणसं स्टुडिओत आली की पंचनाम्याला उभी असल्यासारखी दिसत. ही मात्र अशी हसली होती की फोटो बघणाराही हसे. मुंबईच्या एका मासिकाला कोकणातली चित्रं हवी होती. त्यांनी हा पाहिला आणि छापतो म्हणाले. छापील चित्राखाली आपलं नाव यावं, ही माझ्या मित्राची किती वर्षांची हौस. तरी तो म्हणाला, आधी त्या बाईला विचारायला हवं.

मी म्हटलं, काढताना कुठे विचारलंस?

"काढला तो माझ्या काचेवर आहे," तो म्हणाला. "छापला की माझ्या हातात राहत नाही. उद्या मासिक रद्दीत गेलं की त्याच चेहऱ्यात कोणी भजी बांधील."

मग सर्व्हिस मोटारीने पोलादपूर आणि तिथून पायी चढण. मित्र पुढे, मी धापा टाकत मागे. वाडीत पोचलो तर बाई मला पाहताच पुन्हा हसली. माझी ओळख पटवून द्यावी लागली नाही.

फोटो हातोहात फिरला. मासिक म्हणजे काय हे मित्राने समजावून सांगितलं. तिच्या सासूने सगळं ऐकून विचारलं, म्हंजे माझी सून वाण्याच्या दुकानात लोंबनार काय? मित्र खरं तेच बोलला, की लोंबेलही.

सून हळूच म्हणाली, "मुंबयला गिरनीतल्या मानसांना दिसंल काय वो ह्यो?"

शेजारच्या म्हाताऱ्याने नंतर माझ्या कानाशी सांगितलं, की तिचा नवरा गिरणीत आहे, दोन शिमगे झाले घरी आला नाही, निरोप नाही. गावचे चाकरमानी त्याला पाहून येतात, म्हणतात बरा हाय. एवढंच.

सासूने सुनेकडे पाहिलं आणि म्हणाली, देवीला इचारू. आमच्या भागात जमीन, सोयरीक, विहिरीची जागा, काही अडलं की देवळात कौल लावतात. पण फोटोसाठी लावलेला कौल मी तो एकच पाहिला. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली आणि सासूने सांगितलं तसं गाऱ्हाणं घातलं. आई, ह्या पोरीचा फोटो छापून लोकांच्या हाती जातोय. जाऊ देयाचा तर उजवी दे, नाय तर डावी दे.

बराच वेळ काहीच हललं नाही. मग डावं फूल पडलं.

सुनेचा चेहरा उतरला. मित्राचाही उतरला, पण त्याने देवीला नमस्कार केला आणि पायऱ्या उतरू लागला. तेवढ्यात सासू मागून म्हणाली, "थांब रे बाबा. देवीनं लोकांना नको म्हटलंन. घरच्या मानसाचं आपन कुठं इचारलं?"

मित्राने हातातला फोटो तिला दिला. दुसऱ्या दिवशी वाडीतला एक जण मुंबईला निघणार होता.

उतरताना मी म्हटलं, देवी काही मासिकाची वर्गणीदार नाही, दे पाठवून. तो म्हणाला, "विचारायला गेलो होतो. नाही म्हटलं तर ते ऐकायला नको?" आणि मला मागे टाकून झपाझप उतरू लागला. मासिकाने त्या जागी दुसऱ्या कोणाची बैलजोडी छापली.

शिमग्याला मी स्टुडिओत बसलो होतो. मुंबईचा कोट घातलेला एक जण आत आला, मागे ती करवंदवाली. त्याने रुमालात बांधलेला फोटो काढून मित्रापुढे धरला. "कोनाला इचारून काढलात?"

"काढताना कोणालाच नाही," मित्र म्हणाला. "छापायच्या आधी विचारलं. तुमच्या आईला. तिने देवीला."

तो फोटो पुन्हा रुमालात बांधू लागला. मग म्हणाला, "आमच्या रूमवर सगले म्हनले, ही तुलाच हसतेय रे. घरी जा."

ती मला हसली होती, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. बाईने माझ्याकडे असं पाहिलं, की जन्मात एकदा मी ते वेळेवर मिटलं. मित्राने दोघांना पडद्यापुढे उभं केलं. त्या फोटोत मात्र दोघंही पंचनाम्याला उभी आहेत.

घरी येऊन मी हे सगळं बायकोला सांगितलं. मित्राचं कौतुक करता करता माझी भाकरी गार झाली. कसा हातचा मान सोडला, कसा फोटो देऊन टाकला, असा माणूस तालुक्यात नाही. तिने ऐकून घेतलं, ताटात दुसरी गरम भाकरी टाकली आणि म्हणाली, "भावोजींचं पुरे झालं आता. मला एकदा त्या सासूकडे घेऊन चला."