कोवळेसाहेबांचा पत्ता

पाटीवरचं ओलं फडकं बाजूला करायच्या आधीच कुणी मासळीला हात घातला, तर ती त्या हातावर चापट मारायची. जोरात नाही, पण ऐकू येईल इतकी. "आदी नाव सांग. काय पायजे त्याचा नाव सांग नि मग हात लाव." नवीन गिऱ्हाईक ओशाळलं की लगेच हसायची आणि पुढचं ठरलेलं वाक्य टाकायची, "नाव ठाव नसलेला मासा नि नाव ठाव नसलेला मानूस, दोगांना घरात घेऊ नये, बाय."

तुम्ही सुकापूरला राहत असाल, तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. करंजाहून सकाळी टेम्पो यायचा, त्यातून चारपाच कोळणी उतरायच्या. त्यांतली सगळ्यात बुटकी, कपाळावर मोठं कुंकू आणि आवाज मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचणारा, ती ही. आमच्या बिल्डिंगच्या फाटकाशी बसायची. मी तिला मावशी म्हणायची, ती मला वयनी.

तिचं नाव इथे लिहीत नाही. मी घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासते हे कळल्यावर तिने मला बजावलं होतं, "माजा नाव कुटं छापू नको गो. दिष्ट लागते."

तिचा मुलगा हरेश मालवाहू जहाजावर होता. खाली इंजिनच्या खोलीत काम करायचा. नवरा करंजाच्या बोटीवर जायचा, गेला की आठवडाभर परतायचा नाही. पण त्याची तिला काळजी नसायची. "तो समुद्र माज्या वळखीचा हाय," म्हणायची. "पोरगा जातो त्या समुद्राचा नाव पन मना घेता येत नाय." हरेशचा फोन रविवारी यायचा. सोमवारी मासळी साफ करता करता ती मला सगळा वृत्तांत द्यायची, आणि त्यात दर वेळी एक कोवळेसाहेब असायचे. कोवळेसाहेबांनी हरेशला नवीन काम शिकवलं. कोवळेसाहेबांचं आणि वरच्या साहेबाचं वाजलं. सुट्टी संपवून हरेश परत निघाला, तेव्हा तिने कोवळेसाहेबांसाठी तिखट लावलेल्या सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, पुडी बांधून दिली. ते खाऊन साहेबांना इतका ठसका लागला म्हणे, की डोळ्यांतून पाणी आलं, तरी पुडी परत केली नाही.

"कोवळे म्हंजे कुठले हो, मावशी?" मी एकदा विचारलं.

"आपल्याच बाजूचे आसतील. अलिबागकडं कुटं."

एका बुधवारी दारावर थाप पडली. बेल असताना कुणी थाप का मारतंय म्हणून उघडलं, तर दारात ती. पाटी नव्हती. मी तिला पाटीशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

"वयनी, तुज्याकडं तो कंपुटर हाय ना? त्यात हरेशला शोद."

आत घेतलं, पाणी दिलं. ते तिने हातात नुसतं धरून ठेवलं. रविवारी फोन आला नव्हता. सोमवारी तिने लावला, लागला नाही. मंगळवारी संध्याकाळी मुंबईच्या एजंटच्या ऑफिसातून कुणीतरी फोन केला: जहाजावर इंजिनच्या भागात आग लागली होती, ती विझली आहे, काही जणांना किनाऱ्यावरच्या दवाखान्यात हलवलं आहे, नावं अजून आलेली नाहीत. ती पुढे काही विचारेपर्यंत फोन ठेवला गेला. तेव्हापासून तो नंबर एकतर व्यस्त असायचा, नाहीतर "माहिती घेतोय" एवढंच म्हणायचा.

"कोवळेसाहेबांना ठाव आसल," ती म्हणाली. "त्यांचा पत्ता काड."

हरेशने आगीच्या आधी पाठवलेला एक फोटो तिच्या फोनमध्ये होता. हरेश आणि त्याच्याहून खांदाभर उंच असा एक गोरा, लाल दाढीचा माणूस. दोघांच्या अंगात तेलकट नारिंगी कपडे. त्या माणसाच्या छातीवर नावाची पट्टी शिवलेली होती, पण हरेशचा हात गळ्यात पडल्यामुळे ती अर्धीच दिसत होती. के, ओ, डब्ल्यू, ए, एल. पुढे हरेशची मूठ.

"मावशी, हे कोवळे नाहीत."

"मग कोन?"

ते मलाही माहीत नव्हतं. ती पाच अक्षरं कॉम्प्युटरवर टाकली, तेव्हा कळलं की हा माणूस पोलंडचा असणार. 'कोवाल' म्हणजे त्यांच्या भाषेत लोहार. आपल्याकडे जसं धंद्यावरून आडनाव पडतं, तसंच. पण तेवढ्यावर भागत नाही. लोहारापासून त्यांनी केवढं तरी कुटुंब वाढवून ठेवलं आहे. नुसता कोवाल आहे. कोवालिक आहे, म्हणजे छोटा लोहार. कोवालचिक म्हणजे लोहाराचा मुलगा. आपल्या पनवेलकर-उरणकरसारखं गावावरून पडलेलं कोवालेव्हस्की आहे. आणि कोवाल्स्की तर इतके, की आपण 'अमुक अमुक' म्हणतो तसं तिथे नमुन्याच्या अर्जावर हेच आडनाव घालतात. परदेशी गेलेल्यांनी स्पेलिंग बदललं ते निराळेच.

हे सगळं तिला कसं सांगावं? मी सांगितलं, की हे लोहार आडनाव आहे, पण त्याची पाच-सहा रूपं आहेत आणि प्रत्येकाची माणसं लाखांनी.

तिने ते मनाशी जुळवून पाहिलं. मग म्हणाली, "जवळा, करंदी, कोलंबी. घर येकच, पन जाळा निराळा लागतो. बरोबर?"

"बरोबर."

"मग सगळी जाळी टाक."

त्या दिवशी मी छापायला द्यायची प्रुफं तशीच बाजूला ठेवली. खलाशांच्या घरच्यांचा एक समूह सापडला, तिथे तो फोटो टाकला. कोवाल्स्की, कोवालचिक, कोवालिक नावाचे जे कुणी जहाजाशी संबंधित दिसले, त्यांना इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या: हा माणूस तुमचा आहे का? त्याच्याबरोबरच्या मुलाची आई वाट पाहते आहे. ती माझ्या खुर्चीमागे उभी होती. बस म्हटलं तरी बसेना. नवीन उत्तर आल्याचा टिंग आवाज झाला, की तिचा हात माझ्या खांद्यात रुतायचा. दुसऱ्या दिवशी तिथे निळे डाग दिसले.

उत्तरं येत होती. नाही, माझा कुणी जहाजावर नाही. नाही, पण प्रार्थना करतो. एका कोवालिकने लिहिलं, माझा भाऊ जहाजावर आहे पण त्याला दाढी नाही. चार वाजता तिचा टेम्पो परत जायचा. ती गेली नाही.

त्यानंतर मला ती बातमी दिसली. कुठल्याशा परदेशी संकेतस्थळावर, चार ओळींची. जहाजाचं नाव तेच. इंजिन कक्षात आग, एक खलाशी मृत, दोन गंभीर जखमी. नावं जाहीर केलेली नाहीत.

मी ते पान झटकन बंद केलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, बंद करायची काही गरज नव्हती. तरी केलं. मला वाटत होतं, की आपण मागे वळून पाहिलं तर संपलं.

"काय होता?" तिने विचारलं.

"काही नाही. जाहिरात."

ती समोर आली. माशाचे डोळे पाहून तो कालचा की आजचा हे ओळखणारी बाई ती. माझ्या तोंडाकडे नुसतं पाहिलं आणि जमिनीवर बसली.

"किती?" ती म्हणाली.

"एक. पण नाव नाही दिलेलं, मावशी. कोण ते कुणालाच माहीत नाही. दोघं दवाखान्यात आहेत."

ती रडली नाही. पदराचं टोक तोंडात घालून दातांनी घट्ट धरलं आणि डावीउजवीकडे डुलत राहिली. मला तिच्यापेक्षा स्वतःची भीती वाटत होती. उद्या ही बातमी नावासकट आली, तर ती वाचून दाखवायची मलाच होती. माझे मिस्टर ऑफिसातून आले, त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि न विचारता चहा टाकला.

हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी पुन्हा त्या आडनावाबद्दल वाचायला लागले. तिथे एक ओळ होती, जी सकाळी मी वाचून सोडून दिली होती. कोवाल्स्की हे पुरुषाचं रूप. त्याच घरातल्या बाईचं आडनाव कोवाल्स्का होतं. बायको, मुलगी, आई, सगळ्या कोवाल्स्का.

दुपारीच एका कोवाल्स्काचा निरोप येऊन पडला होता. आम्ही कोवाल्स्की शोधतोय, ही वेगळ्याच शाखेतली कुणी दिसते, प्रार्थनाच पाठवली असणार, असं समजून मी तो उघडलाच नव्हता. ऱ्हस्व-दीर्घावर जन्म काढलेली मी, आणि एका अक्षरावरून एक माणूस सोडून दिला होता. उघडला. लिहिलं होतं: फोटोतला माझा नवरा आहे. तो मुलगा हरेश ना? मी तीन दिवस त्याची आई शोधते आहे. त्याचं आडनाव कोली, कोळी की कोलाय, कसं लिहितात तेच मला कळत नाही. कृपा करून लवकर उत्तर द्या.

"हाय का?" मावशीने विचारलं. "बोल ना गो. हाय का तो?"

निरोपात तेवढं नव्हतं. मी व्हिडिओवर फोन लावला. तो वाजत होता, तेवढा वेळ मावशीने भिंतीकडे तोंड केलं होतं.

पडद्यावर एक पन्नाशीची बाई आली. मागे स्वयंपाकघर, ओट्यावर न धुतलेली भांडी, डोळे सुजलेले. मी कोण, ही कोण, हे सांगायला लागले तर तिने हात वर करून मला थांबवलं आणि तुटक्या इंग्रजीत आधी एकच वाक्य म्हटलं. मी ते मराठीत सांगितलं.

"मावशी, जिवंत आहे. हरेश जिवंत आहे."

मावशी वळली नाही. "परत विचार."

मी परत विचारलं. बाईने परत सांगितलं. दोघं एकाच दवाखान्यात होते, शेजारच्या खाटांवर. हरेशच्या छातीत धूर गेला होता, घशात नळी होती, म्हणून तो बोलू शकत नव्हता. तिच्या नवऱ्याचे दोन्ही हात भाजून बांधलेले होते, त्यामुळे तो फोन धरू शकत नव्हता. नर्सने त्याच्या कानाशी धरला, तेव्हा त्याने बायकोला हरेशच्या आईला शोधायला सांगितलं. पुढे तिने सांगितलं, की हरेश बाहेर पडला होता. साहेब दिसत नाहीत म्हणून तो परत आत गेला.

हे मात्र मी मराठीत सांगायला नको होतं. मावशी गर्रकन वळली.

"भायेर आला होता? नि परत आत गेला?" कपाळावर हात मारून ती पडद्यासमोर येऊन बसली आणि त्या परक्या बाईवरच ओरडली, "त्याला सांग, मी मारनार हाय त्याला. घरी येऊ दे. कोवळेसाहेबांना पन मारनार!"

मी काही सांगायच्या आत ती बाई हसायला लागली, आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. मग दोघीही रडत होत्या. मी मध्ये बसून काही भाषांतर केलं नाही.

फोन ठेवायच्या वेळी मावशी एकदम म्हणाली, "थांब. ह्ये दोन. मग मेला तो तिसरा." तिने बोटं मोजली नव्हती, पण हिशेब चुकला नव्हता. "कोनाचा होता तो? विचार."

कोवाल्स्काला माहीत नव्हतं. दुसऱ्या देशाचा होता, नवीन लागला होता, एवढंच. मावशी मान हलवत राहिली. "त्याच्या आयशीला कोन सांगल?" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एजंटचाही फोन आला आणि हरेशचं नाव जखमींत असल्याचं कळलं. दोन महिन्यांनी तो घरी आला. आवाज घोगरा झाला होता, जिना चढताना मध्ये थांबायचा. आईबरोबर मला भेटायला आला, तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "काकी, साहेब परत जातायत. मीपन जाईन." ती त्याच्या मागे उभी होती.

पुढच्या वर्षी तो गेला.

त्यानंतर ती सुकापूरला यायची बंद झाली. टेम्पोतून उतरणाऱ्या दुसऱ्या एकीला विचारलं, आजारी आहे का? "नाय गो. रस्त्याच्या गोंगाटात फोन वाजला नि ऐकू नाय आला तर, म्हनून येत नाय." फाटकाशी आता कुणी भाजीवाला बसतो.

मध्यंतरी मी करंजाला गेले होते. ती धक्क्याच्या कडेला मासळी सुकत घालत होती. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधला होता. मला पाहून उठली, पाठीवरून हात फिरवला, "वाळलीस गो," म्हणाली. आम्ही बोलत असतानाच फोन वाजला. आजूबाजूच्या सगळ्या बायकांचे हात होते तिथेच थांबले. तिने पिशवीची गाठ सोडायला दोनदा बोटं घातली, ती सुटेना, शेवटी पिशवीच दातांनी फाडली.

हरेशच होता. ती मोठमोठ्याने बोलली: जेवलास का, खोकला हाय का, खाली जाऊ नको येकटा. वारा सुटला होता आणि बाजूला एका बोटीचं इंजिन सुरू होतं. मिनिटभरात फोन तुटला. बायका पुन्हा कामाला लागल्या. ती मात्र तशीच खाली बसली, फोन दोन्ही हातांत धरून, आणि बराच वेळ उठलीच नाही.

"वयनी," तिने हळूच विचारलं, "शेवटी तो हसला ना गो? मना नीट ऐकू नाय आला. तू ऐकलास ना?"

मला वाऱ्याशिवाय काहीही ऐकू आलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "हसला."