एसटीत सापडलेली संख्या

रविवारची दुपार होती. लोणावळ्याहून औंढ्याला निघालेली आमची एसटी शहराबाहेर पडायच्या आधीच पर्यटकांच्या गाड्यांत अडकली आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मी वही काढली. मी शाळेत गणित शिकवते. आदल्या दिवशी नववीला एक कोडं घातलं होतं आणि त्याचं उत्तर मलाच सापडलेलं नव्हतं. मोबाईलवर शोधायचं नाही, असं मुलांना सांगून बसले होते.

एक ते नऊ हे अंक एकेकदाच वापरून नऊ अंकी संख्या करायची. तिच्या पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोनाने भाग जायला हवा, पहिल्या तिनांच्या संख्येला तिनाने, चारांच्या संख्येला चाराने, असं थेट नवापर्यंत.

कंडक्टरताई तिकिटं आटपून शेजारी टेकल्या. वहीत डोकावून काय चाललंय म्हणाल्या. मी सांगितलं.

"मग पाच मधीच बसनार की, मॅडम," त्या म्हणाल्या. "पाचानं भाग जायचा तर शेवटी पाचच पायजे."

तेवढं मलाही आलं होतं, पण पुढचं त्यांनी माझ्याआधी पकडलं: दुसरी, चौथी, सहावी, आठवी जागा सम अंकांची, म्हणजे उरलेल्या विषमांच्या. मला एकदम हुरूप आला. तीन, चार, सहा आणि आठाच्या कसोट्या लावत आम्ही एकेक शक्यता खोडत गेलो. लाखो संख्यांमधून शेवटी दहाच उरल्या. नवाची काळजीच नव्हती; सगळ्या अंकांची बेरीज पंचेचाळीस. राहिला सातच.

पाच त्यांनी घेतल्या, पाच मी. माझ्या पाचांतली एकही टिकली नाही. शेवटच्या भागाकारात बाकी सहा उरली तेव्हा वाटलं, कुठेतरी चुकलोच. तेवढ्यात ताईंनी माझं मनगट धरलं.

"बाकी शून्य."

३८१६५४७२९. मी पुन्हा भाग दिला, पहिल्या अंकापासून. अडतीसला दोन, तीनशे एक्याऐंशीला तीन... शेवटपर्यंत सगळं बिनबोभाट जात होतं. ताईंच्या बाकीच्या चारही फसल्या होत्या, म्हणजे अख्ख्या जगात अशी एकच. मला मोठ्याने हसू आलं. पुढच्या सीटवरच्या आजोबांनी वळून पाहिलं, तर ताईंनी त्यांनाही वही दाखवली.

गाडी हलली. ताई उठल्या, दोन पावलं गेल्या आणि परत आल्या.

"मॅडम, शून्य बाहेरच र्‍हायलं. ते शेवटाला लावा ना, दहानं बी भाग जाईल."

मी लावलं. दहा अंक, दहा जागा, एकही उरला नाही. वर्षानुवर्षं गणित शिकवूनही मला ते दिसलं नव्हतं.

सोमवारी फळ्यावर नऊ अंक मी लिहिले. शून्य कंडक्टरताईंचं आहे, असं सांगून दहावाही लिहिला. मग मुलांनी वह्या उघडून भागाकार सुरू केले.